असिद्ध उपचार आणि वैद्याचे उत्तरदायित्व



बंगळूर शहराच्या आग्नेय भागात कोरमंगला नावाची मोठी वस्ती आहे. तेथे सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाचा विस्तीर्ण परिसर आहे. १९६३ साली स्थापन झालेल्या या महाविद्यालयात शरीरशास्त्र, औषधशास्त्र इत्यादी विषयांच्या जोडीने वैद्यकीय नीतिशास्त्रही फार पूर्वीपासून शिकविले जात आले आहे. रोग्याला काय सांगावे, त्याच्यापासून काय लपवू नये, हाती उपाय नसेल तेव्हा कसे वागावे, हे प्रश्न तेथे वैद्यकविद्येचाच भाग मानले गेले. याच कोरमंगल्यात वाचोपचार, व्यवसायोपचार आणि वर्तनोपचार देणाऱ्या केंद्रांच्या पाट्या ठिकठिकाणी दिसतात. संगणक-उद्योगाच्या निमित्ताने देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेली कुटुंबे येथे राहतात आणि त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. नातेवाईक दूर, शेजाऱ्यांची भाषा अपरिचित, दोघेही नोकरीत, अशा घरातील तीन वर्षांच्या मुलाला स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, असल्याचे निदान होते, तेव्हा आईवडिलांच्या तोंडून पहिला प्रश्न येतो तो असा : यावर औषध काय?

प्रामाणिक वैद्याचे उत्तर लांबलचक असते आणि ऐकणाऱ्याचे समाधान करणारे नसते. बाजारातील उत्तर मात्र थोडक्यात असते, आणि त्यापुढे किंमतही लिहिलेली असते. या व्याख्यानाचा विषय हे दुसरे उत्तर हा आहे. ज्याची उपयुक्तता सिद्ध झालेली नाही असा उपचार वैद्याने पैसे घेऊन एखाद्या स्वमग्न बालकावर केला, तर कायद्याच्या दृष्टीने त्याची जबाबदारी कोणती? आणि ती जबाबदारी पालकांना मागता येते काय?

प्रथम या अवस्थेविषयी थोडेसे. लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने १९४३ साली अमेरिकेत अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि तेव्हापासून या अवस्थेला वैद्यकात स्वतंत्र स्थान मिळाले. पुढील दोन दशके आईच्या मायेचा ओलावा आटल्यामुळे मूल असे होते, अशी एक अत्यंत अन्यायकारक कल्पना प्रचलित होती. ती आता संपूर्णपणे टाकून देण्यात आली आहे. स्वमग्नता हा मेंदूच्या घडणीतील व विकासातील भेद आहे, आणि त्यात आनुवंशिक घटकांचा वाटा मोठा आहे, हे आज सर्वमान्य आहे. या अवस्थेची मूळ लक्षणे, म्हणजे संवादातील अडचण आणि ठरावीक वर्तनाची पुनरावृत्ती, नाहीशी करील असे औषध उपलब्ध नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने रिस्पेरिडोन आणि अरिपिप्रॅझोल ही दोन औषधे या मुलांसाठी मान्य केली, परंतु ती चिडचिड व आक्रमकता कमी करण्यापुरतीच. खरा आधार मिळतो तो भाषाशिक्षणाचा, खेळातून होणाऱ्या संवादाचा, चित्रे वा यंत्र यांच्या साह्याने बोलण्याच्या पर्यायी मार्गांचा, आणि समजूतदार शाळेचा. हे काम सावकाशीचे असते. त्याला शेवटची तारीख नसते.

अशा अवस्थेभोवती असिद्ध उपचारांचे पीक का येते, हे समजून घेतल्याशिवाय कायद्याचा विचार अपुरा राहील. पहिले कारण उघड आहे : जेथे खात्रीचा उपाय नाही तेथे खात्री देणारा मनुष्य मोठा दिसतो. दुसरे कारण घाईचे. मुलाची सुरुवातीची वर्षे मोलाची आहेत, असे पालकांना सर्वजण सांगतात, आणि ते खरेही आहे. परंतु त्याच वाक्याचा उपयोग करून त्यांच्याकडून आठवडाभरात निर्णय घेववला जातो. तिसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. स्वमग्न मूलही वाढतेच. तीन वर्षांचे असताना दोन शब्द बोलणारे मूल चार वर्षांचे होईतो कोणत्याही इंजेक्शनाशिवाय वीस शब्द बोलू लागेल, हे सहज संभवनीय असते. मधल्या काळात जो काही उपचार झाला असेल त्याच्या पदरी या वीस शब्दांचे श्रेय पडते.

सिक्रेटिन या द्रव्याची हकीकत या दृष्टीने बोधप्रद आहे. हे पचनसंस्थेतील एक संप्रेरक असून ते पोटाच्या तपासणीसाठी वापरीत. ते दिल्यावर तीन स्वमग्न मुलांचे वागणे सुधारले, असा वृत्तांत १९९८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला, आणि पाहता पाहता त्याची मागणी देशभर वाढली. पुढच्याच वर्षी साठ मुलांवर काटेकोर चाचणी झाली. निम्म्या मुलांना सिक्रेटिन आणि निम्म्यांना मिठाचे पाणी टोचण्यात आले. कोणाला काय दिले हे पालकांना व परीक्षकांना ठाऊक नव्हते. दोन्ही गटांत कोणताही अर्थपूर्ण फरक आढळला नाही. विशेष हे, की निष्कर्ष सांगितल्यानंतरही त्या चाचणीतील ६९ टक्के पालकांनी या औषधात आपल्याला अजून रस असल्याचे म्हटले. या पालकांना अडाणी म्हणणे चूक ठरेल. आशा पुराव्याने लवकर विझत नाही, एवढाच याचा अर्थ. आणि म्हणूनच आशेच्या बाजारात विकणाऱ्यावर कायद्याची नजर अधिक कडक असावयास हवी.

निरुपयोगी उपचार नेहमीच निरुपद्रवी असतो असेही नाही. स्वमग्नता शरीरातील पाऱ्यामुळे होते अशा समजुतीने, रक्तातील धातू बाहेर काढणारी औषधे शिरेवाटे देण्याचा एक प्रघात अमेरिकेत पडला होता. त्याला चिलेशन असे नाव आहे. शिशाची विषबाधा झालेल्या रुग्णाला ही चिकित्सा योग्य असते. स्वमग्न मुलांना तिचा लाभ होतो असे सिद्ध झालेले नाही. २००५ सालच्या ऑगस्ट महिन्यात पेनसिल्व्हेनिया राज्यात एका पाच वर्षांच्या मुलाला अशा उपचारासाठी जे औषध देण्यात आले, त्याने रक्तातील कॅल्शियम एकाएकी उतरले आणि त्याचे हृदय बंद पडले. डॉक्टरवर फौजदारी आरोप ठेवण्यात आले, परंतु ते पुढे मागे घेण्यात आले. वैद्यकीय मंडळाने त्याचा परवाना काही काळ निलंबित केला. २०१० साली शिकागो येथे दुसऱ्या एका पित्याने आपल्या मुलावर असेच अनावश्यक व धोक्याचे उपचार केल्याबद्दल दोन डॉक्टरांविरुद्ध नुकसानभरपाईचा दावा लावला. एकाच प्रकारच्या कृत्याबद्दल फौजदारी खटला, परवान्याची चौकशी आणि दिवाणी दावा असे तीन मार्ग कसे वेगवेगळे चालतात, हे या दोन घटनांवरून दिसते.

भारतात हा प्रश्न प्रामुख्याने मूलपेशींच्या रूपाने पुढे आला. दवाखान्यांच्या भाषेत यांनाच ‘स्टेम सेल’ म्हणतात. सर्वसाधारण पद्धत अशी : मुलाला भूल देऊन त्याच्या कमरेच्या हाडातील मज्जा काढतात, तीतून काही पेशी वेगळ्या करतात, आणि त्या पाठीच्या कण्यातील द्रवात सुईने सोडतात. खर्च लाखांच्या घरात जातो, आणि बहुधा एका वेळेने भागत नाही. मूलपेशी रक्ताच्या काही विकारांत खरोखरच जीवनदायी ठरल्या आहेत, त्यामुळे हे नाव ऐकताच पालकांना विज्ञानाचा विश्वास वाटतो. परंतु रक्ताच्या कर्करोगात जे सिद्ध झाले ते स्वमग्नतेत सिद्ध झाले असे होत नाही. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने दोन ते सात वर्षे वयाच्या १८० मुलांवर नाळेतील रक्ताची चाचणी केली. २०२० साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सामाजिक संवादात सुधारणा होते काय, हा मुख्य प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर नकारार्थी आले.

आता कायद्याकडे वळू. वैद्यकीय निष्काळजीपणा म्हटला की सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे पोटात विसरलेली कात्री किंवा चुकीच्या पायावर केलेली शस्त्रक्रिया येते. म्हणजे, उपचार करताना झालेली चूक. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र फार पूर्वीच याहून व्यापक व्याख्या केली, आणि ती ज्या खटल्यात केली तो महाराष्ट्रातला होता. १९५३ सालच्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका तरुणाची मांडी मोडली. त्याला दीर्घ प्रवास करून पुण्यास आणण्यात आले. तेथील शल्यविशारदाने योग्य भूल न देता, माणसांकरवी जोराने पाय ओढवून हाड बसविण्याचा यत्न केला, आणि त्याच दिवशी तो तरुण दगावला. पित्याने, जे स्वतः वैद्यकीय व्यवसायी होते, दावा लावला. खालच्या न्यायालयाने तीन हजार रुपये भरपाई दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि १९६८ साली सर्वोच्च न्यायालयानेही डॉक्टरांचे अपील फेटाळले. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले या नावाने हा निकाल वकिलांना परिचित आहे.

या निकालात वैद्याची तीन कर्तव्ये सांगितली आहेत. रोग्याला आपल्या हाती घ्यावे की नाही, हे ठरविताना त्याने काळजी घेतली पाहिजे. कोणता उपचार द्यावा, हे ठरविताना काळजी घेतली पाहिजे. आणि तो उपचार करताना काळजी घेतली पाहिजे. यांपैकी कोणतेही कर्तव्य मोडले तर रोग्याला दाद मागण्याचा हक्क प्राप्त होतो. प्रस्तुत विषयाचे मर्म या दुसऱ्या कर्तव्यात आहे. सुई निर्जंतुक होती, भूल तज्ज्ञाने दिली, पेशी व्यवस्थित मोजल्या, रुग्णालय चकचकीत होते. हे सारे मान्य केले, तरी प्रश्न उरतो : हा उपचार निवडलाच का? हात चुकला नाही म्हणून निवडीतील दोष धुऊन निघत नाही.

यावर डॉक्टरांचा ठरलेला बचाव असा असतो, की वैद्यकात मतभेद असतात आणि व्यवसायातील एका जबाबदार गटाला मान्य असलेली पद्धत आपण अनुसरली. हा बचाव पोकळ नाही. १९५७ सालच्या बोलॅम या इंग्लिश खटल्यातून तो आला, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात तो भारतासाठी स्वीकारला. उपचार अयशस्वी झाला एवढ्यावरून डॉक्टरला दोषी धरता येत नाही, आणि फौजदारी दोषासाठी तर निष्काळजीपणा अतिशय ठळक असावा लागतो, असे त्या निकालाने बजावले. हे योग्यच आहे. प्रत्येक अपयशाला शिक्षा मिळू लागली, तर अवघड रोगी हाती घ्यावयास कोणीही धजणार नाही. परंतु या बचावातील ‘जबाबदार’ हा शब्द महत्त्वाचा आहे. तीच गोष्ट विकणारे दहाजण एकत्र आले म्हणजे जबाबदार मत तयार होत नाही.

मूलपेशींच्या बाबतीत तर हे मत कोणते याविषयी संदेहाला जागा ठेवलेली नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०१७ साली जी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत मान्यताप्राप्त चाचणीबाहेर रुग्णांवर होणारा मूलपेशींचा प्रत्येक वापर अनैतिक आणि व्यवसायातील गैरकृत्य समजला जाईल, असे स्पष्ट म्हटले आहे. २०२२ सालच्या डिसेंबरात राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीती व नोंदणी मंडळाने स्वमग्नतेसाठी हा उपचार शिफारसयोग्य नसल्याचे जाहीर केले, आणि तो लिहून देणे, त्याचा प्रचार वा जाहिरात करणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरविले.

तरीही दवाखाने चालूच राहिले. तेव्हा मुंबईतील यश चॅरिटेबल ट्रस्ट या विकलांग व्यक्तींसाठी काम करणाऱ्या संस्थेने इतरांसह सर्वोच्च न्यायालयात जनहितयाचिका केली. २०२६ सालच्या जानेवारीत न्या. जमशेद पारडीवाला व न्या. आर. महादेवन यांच्या पीठाने निर्णय दिला, की स्वमग्नतेवरील मूलपेशी-उपचार मान्यताप्राप्त चाचणीच्या बाहेर, नेहमीची वैद्यकीय सेवा म्हणून देता येणार नाही. संशोधनाचे दार न्यायालयाने बंद केलेले नाही. मात्र संशोधनाचा पेहराव घालून चालणाऱ्या विक्रीला आता आधार उरलेला नाही. यापुढे एखाद्या पालकाने दावा लावला, तर ‘व्यवसायात असा प्रघात आहे’ हे उत्तर देणे डॉक्टरला फारच अवघड जाईल.

येथे दुसऱ्या बाजूचीही नोंद घेणे न्यायाचे होईल. २०२३ साली दिल्ली उच्च न्यायालयापुढे काही पालकच गेले होते आणि त्यांची मागणी नेमकी उलट होती : आपल्या मुलांचा चालू असलेला मूलपेशी-उपचार थांबवू नये. त्यांच्या मते मुलांना गुण येत होता. मूल आमचे, पैसा आमचा, संमती आमची, मग इतरांनी आड का यावे, असा त्यांच्या भूमिकेचा आशय होता. हा युक्तिवाद उपहासाने उडवून लावण्यासारखा नाही. त्याचे उत्तर संमती म्हणजे काय याच्या विचारात सापडते.

२००८ साली समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संमतीचे घटक सांगितले. उपचाराचे स्वरूप व हेतू, त्याचा अपेक्षित लाभ, इतर पर्याय, महत्त्वाचे धोके, आणि उपचार नाकारल्यास होणारा परिणाम, इतकी माहिती रोग्याला मिळाली पाहिजे. ती मिळाल्यावर दिलेली अनुमती म्हणजे संमती. ज्या उपचाराचा लाभ किती हेच कोणाला ठाऊक नाही, त्याविषयी ‘सत्तर टक्के मुलांना फरक पडतो’ असे सांगून घेतलेली सही कितपत टिकेल? कागदावर सही असते, परंतु ती ज्या माहितीवर उभी राहावयाची ती माहितीच खोटी असते. शिवाय, संमती देणारे पालक असतात आणि सुई टोचली जाते ती मुलाला. तेथे बोलता न येणाऱ्या मुलाचा नकार ऐकू येत नाही. म्हणून पालकांचा अधिकार हा विश्वस्ताचा अधिकार आहे, आणि विश्वस्ताला फसविणे हा ज्याच्या वतीने तो उभा आहे त्याच्यावरही अन्यायच होय.

इतके सगळे असताना अशा उपचारांविरुद्धचे दावे विरळाच का आढळतात? कारणे मनुष्यस्वभावातच आहेत. पालकांना प्रथम स्वतःचाच राग येतो. दागिने मोडून, भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढून आपणच मुलाला तेथे नेले, हे न्यायालयात उभे राहून सांगणे त्यांना जिवावर येते. दुसरे, मुलाच्या शरीरावर बहुधा खूण नसते. गेलेली गोष्ट म्हणजे पैसा, एक-दोन वर्षांचा काळ, आणि सुईच्या भीतीने मुलाच्या मनात बसलेले डॉक्टरांचे भय. यांचा दाखला कोणते प्रयोगशाळापत्रक देणार? तिसरे, एका डॉक्टरविरुद्ध दुसरा डॉक्टर साक्ष देण्यास सहसा तयार नसतो. आणि चौथे, उपचारामुळे अवस्था बिघडली, असा कार्यकारणसंबंध सिद्ध करणे अवघड असते, कारण मुळातली अवस्थाच चढउतारांची असते.

या अडचणी खऱ्या असल्या तरी कायद्याने त्यांतील काही सौम्य केल्या आहेत. १९९५ साली व्ही. पी. शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली. २०१९ साली नवा कायदा आला तेव्हा त्यात आरोग्यसेवेचा नामनिर्देश नाही म्हणून डॉक्टर सुटले, असा तर्क मांडण्यात आला. मुंबई उच्च न्यायालयाने तो २०२१ साली फेटाळला, आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. या नव्या कायद्यात सेवेतील उणीव या संज्ञेत, ग्राहकापासून संबद्ध माहिती जाणूनबुजून दडविणे याचाही समावेश केला आहे. ही तरतूद पालकांच्या फार उपयोगाची आहे. मुलाची प्रकृती उपचाराने बिघडली हे सिद्ध न करताही, ‘हा उपचार असिद्ध आहे हे आम्हांस सांगितले नाही’ एवढ्या मुद्द्यावर त्यांना दिलेल्या पैशांची मागणी करता येते. तसेच, ग्राहक आयोगापुढील प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाची साक्ष अनिवार्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली व्ही. किशन राव खटल्यात म्हटले आहे.

कोरमंगल्यात राहणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने याचा व्यावहारिक अर्थ पाहू. समजा, उपचार मुंबईस झाला. जुन्या कायद्याप्रमाणे तक्रारीसाठी बहुधा मुंबईसच खेटे घालावे लागले असते. २०१९ च्या कायद्याने तक्रारदाराला आपल्या राहत्या ठिकाणच्या आयोगाकडे जाण्याची मुभा दिली, म्हणजे बंगळूरच्या जिल्हा आयोगाकडे हे प्रकरण नेता येते. दिलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग पुरेसा आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणांना शुल्क नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. उपचार बंगळुरातच झाला असेल तर कर्नाटक वैद्यकीय परिषदेकडे डॉक्टरच्या वर्तनाची तक्रार करता येते. परिषद भरपाई देत नाही, परंतु डॉक्टरचे नाव नोंदपुस्तकातून काही काळ वा कायमचे काढून टाकण्याचा तिला अधिकार आहे. रुग्णालयाविषयीची तक्रार कर्नाटकाच्या २००७ सालच्या खाजगी वैद्यकीय आस्थापना कायद्याखाली जिल्हा प्राधिकरणाकडे नेता येते.

या सर्व मार्गांवर लागणारी शिदोरी एकच आहे : कागद. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ सालचे विनियम सांगतात, की रुग्णालयात दाखल झालेल्या रोग्याची कागदपत्रे तीन वर्षे जपून ठेवली पाहिजेत आणि मागणी केल्यापासून बहात्तर तासांच्या आत ती दिली पाहिजेत. ही मागणी लेखी करावी आणि पोच घ्यावी. पावत्या, संमतिपत्राची प्रत, जाहिरातीचे पत्रक, दूरध्वनीवर आलेले आश्वासनांचे संदेश, मुलाच्या उपचारापूर्वीच्या व नंतरच्या चाचण्या, हे सारे एका धारिकेत तारीखवार लावावे. पुष्कळ दावे सत्य नसल्यामुळे बुडत नाहीत. सत्याच्या बाजूचा कागद हाती नसतो म्हणून बुडतात.

तथापि, दावा हा शेवटचा उपाय होय. तो गेलेला पैसा कदाचित परत आणील, परंतु गेलेला काळ परत आणणार नाही. म्हणून उपचारापूर्वीच विचारावयाचे प्रश्न अधिक मोलाचे आहेत. हा उपचार नेहमीची चिकित्सा आहे की संशोधन? संशोधन असेल तर भारताच्या चिकित्सा-चाचणी नोंदवहीत त्याचा क्रमांक कोणता, आणि कोणत्या नीतिसमितीने त्यास मान्यता दिली? ही नोंदवही सर्वांना पाहता येते. संशोधन असेल तर शुल्क कशासाठी? प्रयोगात भाग घेणाऱ्याकडून त्या प्रयोगाचा मोबदला घेणे मार्गदर्शक तत्त्वांना धरून नाही. तुलनेसाठी दुसरा गट होता काय, की केवळ समाधानी पालकांच्या मुलाखती दाखविल्या जात आहेत? धोके कोणते, आणि अपाय झाल्यास जबाबदारी कोणाची? शेवटचा प्रश्न असा : हा उपचार केला नाही तर माझ्या मुलाचे नेमके काय नुकसान होईल? यावर चिडणाऱ्या किंवा सवलतीची शेवटची तारीख सांगणाऱ्या डॉक्टरचे उत्तर न मिळताही मिळालेले असते.

डॉक्टरांच्या बाजूनेही एक गोष्ट मांडली पाहिजे. पालकांच्या आग्रहापुढे ‘आज यावर औषध नाही’ असे म्हणणे सोपे नसते. असे म्हणणारा डॉक्टर रोगी गमावतो, आणि तोच रोगी पुढच्या चौकात दुसऱ्याच्या दवाखान्यात दिसतो. परंतु त्या एका वाक्याबरोबर दुसरे वाक्यही सांगता येते : औषध नसले तरी करण्यासारखे पुष्कळ आहे. मुलाला त्याची गरज खुणेने सांगता यावी, त्याला शाळेत जागा मिळावी, २०१६ सालच्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कायद्याखाली प्रमाणपत्र मिळावे, राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेतून एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य-विमासंरक्षण मिळावे, आईला आठवड्यातून दोन तास विसावा मिळावा. यांपैकी कशालाही इंजेक्शन लागत नाही.

वैद्याने काय निवडले याचा जाब विचारता येतो, हे तत्त्व आपल्या न्यायव्यवस्थेने पालशेतच्या त्या तरुणाच्या प्रकरणात १९६८ सालीच सांगून ठेवले. ते स्वमग्न मुलांच्या दारापर्यंत पोचावयास अर्ध्या शतकाहून अधिक काळ लागला, आणि त्यासाठी मुंबईतील एका संस्थेला सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. निकाल आता हाती आहे. मात्र निकालपत्र दवाखान्याच्या दाराशी उभे राहून कोणाला अडवीत नाही. जे मूल स्वतःसाठी प्रश्न विचारू शकत नाही, त्याच्या वतीने तो प्रश्न प्रथम पालकांनी, आणि त्यांच्याही आधी वैद्याने स्वतःला, विचारावयाचा आहे.